ऑब्लिव्हियन रिंग लगेच फोडली तर एंजल वाचते का?

सांगलीचा_भिडू

नमस्कार मंडळी. मॅजिक: द गॅदरिंग हा पत्त्यांचा खेळ खेळणारं इथे कुणी असेल तर एका भांडणाचा निकाल लावून द्या. आम्ही हॉस्टेलवर चौघं खेळतो. पत्ते बहुतेक सेकंडहँड घेतलेले, शिकवणारं कुणी नाही, वाचून आणि एकमेकांशी वाद घालून जेवढं कळलं तेवढं येतं.

काल रात्रीचा डाव. समोरच्याची सेरा एंजल बाहेर होती. ४/४ (ताकद चार, सहनशक्ती चार), उडणारी, आणि माझ्याकडे तिला अडवणारं एकही क्रीचर नाही. ती गेली नाही तर मी मेलो, हे स्पष्ट होतं. मी तीन मॅना (पत्ता टाकायची किंमत) देऊन ऑब्लिव्हियन रिंग नावाचं एन्चांटमेंट टाकलं आणि टार्गेट म्हणून एंजल दाखवली. त्याने तिथल्या तिथे एन्चांटमेंट फोडणारं डिसएन्चांट काढलं आणि रिंग फोडली.

कार्डावर दोन वाक्यं आहेत, मराठीत सांगतो. पहिलं: ऑब्लिव्हियन रिंग बॅटलफील्डवर आली की लँड (मॅना देणारं कार्ड) सोडून दुसरं एक टार्गेट पर्मनंट (बॅटलफील्डवर टिकून राहणारं कार्ड) एक्झाइल करा, म्हणजे खेळाबाहेर काढून ठेवा. दुसरं: रिंग बॅटलफील्ड सोडून गेली की ते एक्झाइल केलेलं कार्ड त्याच्या मालकाच्या ताब्यात बॅटलफील्डवर परत आणा.

तो म्हणतो, रिंगच उरली नाही तर एंजलला धरणार कोण, ती जागची हललीच नाही. तिसरा म्हणतो, ती एक्झाइलला गेली आणि लगेच परत आली. माझं म्हणणं, पहिलं वाक्य सुरू झालं होतं त्यामुळे एंजल जायला हवी. पण मग ती परत कधी येणार, हे मलाही सांगता येत नाही. चौथा झोपला.

याच भांडणात आणखी एक कार्ड निघालं, बॅनिशिंग लाइट. तेवढाच मॅना, काम जवळपास तेच, शब्द मात्र वेगळे. तिथेही उत्तर तेच का?

डाव तिथेच थांबवलाय, पत्ते कॉटवर तसेच मांडलेले आहेत. जरा लवकर सांगितलंत तर बरं होईल.

पांढरा_मॅना

भिडू, एंजल गेली. डाव संपेपर्यंत ती परत येत नाही. तुम्हा तिघांपैकी तुझं म्हणणं बरोबर आहे. ती परत कधी येणार हे तुला सांगता येत नव्हतं, कारण ती येणारच नाही.

मी लॉरविन सेट नवा होता तेव्हापासून पांढरा डेक खेळते. ऑब्लिव्हियन रिंग त्याच सेटमधली, २००७ ची. या एका कार्डावरून झालेले वाद मी इतके ऐकलेत की तुझा प्रश्न वाचताना पुढचं वाक्य काय असेल ते आधीच कळत होतं. म्हणून सविस्तर लिहिते. हे कार्ड नीट कळलं की पुढची शेकडो कार्डं तुझी तुला वाचता येतील.

कार्ड हातात घेतलं की ते काय 'करतं' याचा विचार लगेच करू नकोस. आधी त्यावर किती ॲबिलिटी आहेत ते मोज. रिंगवर दोन आहेत, दोन्ही 'व्हेन'ने सुरू होतात. म्हणजे दोन वेगळे ट्रिगर, ठरलेली गोष्ट घडली की आपोआप उठणाऱ्या ॲबिलिटी. पहिल्याला दुसऱ्याची गरज नाही आणि दुसरा पहिल्यासाठी थांबत नाही.

आता तुमचा डाव पायरीपायरीने मांडते. रिंग बॅटलफील्डवर आली, पहिला ट्रिगर स्टॅकवर (सुटायची वाट बघणाऱ्या गोष्टींच्या ढिगावर) गेला, टार्गेट एंजल. तुझ्या मित्राने रिस्पॉन्स म्हणून डिसएन्चांट टाकलं, ते स्टॅकवर ट्रिगरच्या वर बसलं. स्टॅकवर शेवटी आलेलं आधी सुटतं, त्यामुळे डिसएन्चांट सुटलं आणि रिंग ग्रेव्हयार्डमध्ये (वापरून संपलेल्या पत्त्यांच्या ढिगात) गेली. ती गेली म्हणून आता दुसरा ट्रिगर उठला आणि तोही पहिल्याच्या वर बसला. तो सुटला. एक्झाइल केलेलं कार्ड परत आणा, असं तो म्हणतो. पण अजून काही एक्झाइल झालेलंच नाही. तो रिकामा गेला. सगळ्यात शेवटी खाली अडकलेला पहिला ट्रिगर सुटला आणि त्याने एंजल एक्झाइल केली. तिला परत आणणारा ट्रिगर आधीच येऊन गेलेला आहे.

'रिंगच नाही तर धरणार कोण' हा प्रश्न पुष्कळांना पडतो, आणि त्याचं उत्तर नियमांत सरळ दिलंय, ११३.७ए मध्ये. ॲबिलिटी एकदा स्टॅकवर गेली की ती ज्या कार्डातून निघाली त्या कार्डावर अवलंबून राहत नाही. कार्ड फोडा, जाळा, हातात परत पाठवा, ॲबिलिटी आपलं काम करते.

मित्राला एक सांग. त्याने डिसएन्चांट थोडं थांबून टाकलं असतं, पहिला ट्रिगर सुटून एंजल एक्झाइल झाल्यावर, तर रिंग फुटताच दुसरा ट्रिगर उठला असता आणि एंजल त्याला परत मिळाली असती. नवीन आलेलं क्रीचर म्हणून त्या टर्नला हल्ला करू शकली नसती, पण मिळाली असती. या कार्डासमोर घाई करणारा हरतो.

आणि 'मग मी रिंग खेळली जात असतानाच डिसएन्चांट टाकतो' असं तो म्हणेल. ते चालत नाही. डिसएन्चांटवर नुसतं 'आर्टिफॅक्ट किंवा एन्चांटमेंट' लिहिलंय. 'स्पेल' किंवा 'कार्ड' हा शब्द सोबत नसेल तर त्याचा अर्थ बॅटलफील्डवर असलेलं पर्मनंट, हे नियम १०९.२ सांगतो. स्टॅकवरची रिंग हे अजून स्पेल आहे, डिसएन्चांटला ती दिसतच नाही.

आता बॅनिशिंग लाइट. तिथे उत्तर उलटं आहे: एंजल जागची हलत नाही.

त्यावर एकच ॲबिलिटी आहे. लाइट बॅटलफील्डवर आली की प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यातलं, लँड नसलेलं एक टार्गेट पर्मनंट एक्झाइल करा, 'अनटिल' लाइट बॅटलफील्ड सोडून जात नाही तोवर. परतीचं दुसरं वाक्यच नाही, मुदत पहिल्या वाक्यातच घातली आहे. ट्रिगर सुटायच्या आधीच लाइट गेली असेल तर मुदत सुरू होण्याआधीच संपलेली, म्हणून कार्ड हलतच नाही. नियम ६१०.३ खाली हे आहे. आणि लाइट नंतर कधी फुटली तर एंजल त्याच क्षणी परत येते, त्यासाठी वेगळा ट्रिगर स्टॅकवर जात नाही. रिंगच्या परतीच्या ट्रिगरला मात्र रिस्पॉन्स देता येतो.

हे 'अनटिल'वालं लिखाण मॅजिक २०१४ या सेटमधल्या बॅनिशर प्रीस्टवर आलं, तो सेट २०१३ चा. पुढच्या वर्षी जर्नी इनटू निक्समध्ये बॅनिशिंग लाइट आली. त्याआधी इनिस्ट्रॅडमध्ये, २०११ साली, फीन्ड हंटर आला होता, तो रिंगसारखाच दोन वाक्यांचा. लोक मुद्दाम त्याचा ट्रिगर स्टॅकवर असताना व्हिसेरा सीअर या कार्डाने त्यालाच सॅक्रिफाइस करायचे (स्वतःहून ग्रेव्हयार्डमध्ये टाकायचे) आणि समोरचं क्रीचर कायमचं घालवायचे. मीही हे भरपूर केलंय. कार्डाच्या शब्दांत जे आहे ते वापरणं हा खेळाचाच भाग आहे, लबाडी नाही.

पत्ते उचला आता, एंजल एक्झाइलमध्ये ठेवा आणि डाव पुढे न्या.

कट्ट्यावरचा

ताई, तुम्ही लिहिलंत ते नियमाला धरून असेलही, पण मला पटत नाही. रिंगचा हेतू उघड आहे. रिंग आहे तोवर कैद, रिंग फुटली की सुटका. पुढे कंपनीने स्वतःच शब्द बदलून तेच केलं ना? मग हॉस्टेलवर मित्रामित्रांत खेळताना त्या पोराची एंजल का घालवायची? एवढ्या तेवढ्या शब्दावरून डाव फिरवणं मला तरी रुचत नाही.

पांढरा_मॅना

कट्ट्यावरचा, तुमचा आक्षेप मनापासूनचा आहे, म्हणून तसंच उत्तर देते.

हेतू कुणाचा धरायचा? रिचर्ड गारफील्डने हा खेळ बनवला, १९९३ मध्ये तो बाजारात आला. त्याआधी चाचणीचे डाव चालायचे तेव्हाची गोष्ट आहे. टाइम वॉक नावाचं कार्ड, ज्याने आपल्याला एक जास्तीचा टर्न मिळतो, त्यावर त्या वेळी लिहिलं होतं की प्रतिस्पर्धी पुढचा टर्न 'लूज' करतो. एका खेळाडूने ते वाचून ठाम समजून घेतलं की हे कार्ड टाकलं की समोरचा पुढच्या टर्नला हरणार. गारफील्डच्या मनातला हेतू वेगळा होता, पण वाचणाऱ्याच्या हातात हेतू नव्हता, कार्ड होतं. मग छापताना शब्द बदलले: या टर्ननंतर आणखी एक टर्न घ्या.

मला यातून जे दिसतं ते असं. टेबलावर दोन माणसं बसतात आणि दोघांनाही कार्डाचा 'उघड' हेतू दिसत असतो. भिडूच्या खोलीत तिघांना तीन उघड हेतू दिसले. तिथे निकाल कोणाच्या बाजूने लागतो? ज्याचा आवाज मोठा किंवा ज्याची कॉट आहे त्याच्या बाजूने. शब्द मात्र सगळ्यांसमोर सारखे असतात. नवीन पोरगी पहिल्यांदा खेळायला बसली असेल आणि समोर दहा वर्षं खेळणारा माणूस असेल, तरी ती कार्डावर बोट ठेवून 'इथे असं लिहिलंय' म्हणू शकते आणि त्याला ऐकावं लागतं. मी ती पोरगी होते. त्यामुळे 'एवढ्या तेवढ्या शब्दावरून' हे मला मान्य नाही.

कंपनीने पुढे शब्द बदलले हे खरं, पण ते नव्या कार्डांवर. ऑब्लिव्हियन रिंगचा अधिकृत मजकूर आजही दोन वाक्यांचाच आहे. जुन्या कार्डाचं काम बदलायचं नाही, नवीन हवं तसं कार्ड वेगळं काढायचं, हे मला योग्य वाटतं. ज्याला मुदतवाली कैद हवी त्याने बॅनिशिंग लाइट डेकमध्ये घालावी.

घरचा नियम करायचा असेल तर जरूर करा. डाव सुरू व्हायच्या आधी, सगळ्यांच्या संमतीने. एंजल टार्गेट झाल्यावर नाही.

अधिकृत मजकूर म्हणजे काय तेही इथेच लिहिते, भिडूच्या उपयोगाचं आहे. सेकंडहँड पत्त्यांत एकच कार्ड तीन तऱ्हेच्या शब्दांत मिळतं. माझ्या लॉरविनच्या रिंगवर 'कम्स इनटू प्ले' आणि 'रिमूव्ह फ्रॉम द गेम' छापलंय. २००९ मध्ये मॅजिक २०१० सोबत ते बदलून 'एंटर्स द बॅटलफील्ड' आणि 'एक्झाइल' झालं. २०२४ मध्ये ब्लूमबरोपासून नुसतं 'एंटर्स' लिहितात. काम तिन्हींचं एकच. तुझ्या हातातल्या कार्डावर काहीही छापलेलं असो, लागू होतो तो ऑरॅकल मजकूर, नियम १०८.१. गॅदरर या अधिकृत साइटवर कार्डाचं नाव टाकलं की तो मिळतो, टूर्नामेंटमध्ये जजही तोच बघतो.

जुन्या कार्डांना हे फार लागतं. ॲनिमेट डेड बघ, १९९३ चं. कल्पना एका ओळीची आहे: ग्रेव्हयार्डमधलं क्रीचर उठवा, हे एन्चांटमेंट गेलं की तेही गेलं. पण हे एन्चांटमेंट आधी ग्रेव्हयार्डमधल्या कार्डाला चिकटतं आणि मग बॅटलफील्डवरच्या क्रीचरला. हे नियमात बसवायला ऑरॅकलमध्ये अख्खा परिच्छेद लागलाय. ते एन्चांटमेंट आपली जुनी अट स्वतःच टाकून देतं आणि 'ॲनिमेट डेडने बॅटलफील्डवर आणलेलं क्रीचर' अशी नवी अट घेतं. मी तो परिच्छेद पहिल्यांदा वाचला तेव्हा उभी राहून वाचला. एवढ्या साध्या कल्पनेला कुठे कुठे भोकं पडू शकतात आणि ती कुणीतरी एकेक करून बुजवली आहेत, याचं मला अजूनही कौतुक वाटतं.

बंगळूरवासी

चर्चा छान चालली आहे. रिंगबद्दल दोन गोष्टी राहिल्या, त्या जोडतो.

एक म्हणजे 'मे' हा शब्द रिंगवर नाही. फीन्ड हंटरवर आहे: तुम्ही एक्झाइल करू 'शकता'. रिंगवर 'करा' आहे. म्हणजे समोरच्याची बाजू रिकामी असेल आणि तुझं एकच क्रीचर बाहेर असेल, अशा वेळी रिंग टाकलीस तर तुझंच क्रीचर एक्झाइल करावं लागतं. पर्याय नाही. बॅनिशिंग लाइटमध्ये हा धोका नाही, ती फक्त प्रतिस्पर्ध्याचं घेते. पण रिंगने मुद्दाम स्वतःचं पर्मनंट घेता येतं, कधीकधी ते हवंही असतं.

दुसरी गोष्ट 'अनदर' या शब्दाची. रिंग स्वतःला सोडून दुसरं काहीही घेऊ शकते, म्हणजे दुसरी रिंगसुद्धा. समजा लँड सोडून बॅटलफील्डवर काहीच नाही. पहिली रिंग आली, टार्गेट नाही, काही झालं नाही. दुसरी आली, तिने पहिली एक्झाइल केली. तिसरी आली, तिने दुसरी एक्झाइल केली. दुसरी गेल्यामुळे पहिली परत आली. पहिलीला टार्गेट घ्यावंच लागतं आणि समोर फक्त तिसरी आहे. तिसरी गेली की दुसरी परत, दुसरी पहिलीला घेणार, की तिसरी परत... याला अंत नाही. कुणी काही टाकून ते चक्र तोडलं नाही तर डाव बरोबरीत सुटतो, नियम १०४.४बी. मी हे समोर घडताना पाहिलंय, आणि खेळणाऱ्या दोघांनाही शेवटपर्यंत वाटत होतं की कुणीतरी 'नको' म्हणू शकतं. 'मे' असता तर म्हणू शकलं असतं.

ड्युएल_डोंबिवली

मी मॅजिक खेळत नाही, यू-गि-ओ हा दुसरा पत्त्यांचा खेळ खेळतो. पण भिडू, तुझा तो डिसएन्चांटवाला मित्र आधी यू-गि-ओ खेळायचा का? कारण आमच्याकडे त्याचंच म्हणणं बरोबर ठरलं असतं.

आमच्याकडे कंटिन्युअस (फील्डवर टिकून राहणारं) स्पेल टाकलं आणि समोरच्याने चेनमध्ये, म्हणजे तुमच्या स्टॅकसारख्या साखळीत, मिस्टिकल स्पेस टायफून टाकून ते फोडलं, तर त्याचा इफेक्ट होत नाही. कंटिन्युअस कार्ड रिझॉल्व्ह होताना (सुटताना) फील्डवर उघडं असावं लागतं. साध्या, म्हणजे नॉर्मल स्पेलला हे लागू नाही. ते फोडलं तरी इफेक्ट होतो, आणि नवशिके नेमके यातच गोंधळतात. शिवाय चेन एकदा सुटायला लागली की मध्ये नवीन काही घुसू शकत नाही. ताईंनी सांगितलेला तो 'दुसरा ट्रिगर पहिल्याच्या वर बसला' हा प्रकार आमच्याकडे होतच नाही, तो चेन संपेपर्यंत थांबला असता.

शब्दांवरून गळा कापणारं कार्ड आमच्याकडेही आहे. पेटेन द डार्क क्लाऊन. ग्रेव्हयार्डमध्ये गेला की दुसरा पेटेन डेकमधून समन करता (फील्डवर बोलावता) येतो. पण मजकूर 'व्हेन... यू कॅन' असा आहे. पेटेनला ट्रिब्यूट (बळी) देऊन मोठा मॉन्स्टर बोलावला तर पेटेन आधी ग्रेव्हयार्डमध्ये जातो आणि त्यानंतर समन होतं. शेवटची घडलेली गोष्ट समन, पेटेनचं जाणं नाही. 'व्हेन... यू कॅन'ला आपली गोष्ट सगळ्यात शेवटची असावी लागते, म्हणून पेटेनची वेळ हुकते आणि दुसरा पेटेन येत नाही. तिथे 'इफ... यू कॅन' असतं तर आला असता.

२०११ पासून यू-गि-ओ काढणारी कोनामी कंपनी प्रॉब्लेम-सॉल्व्हिंग कार्ड टेक्स्ट नावाच्या पद्धतीने कार्डं लिहिते. अपूर्णविरामाच्या आधी असतं ते केव्हा चालवता येईल. अर्धविरामाच्या आधी असतं ते चालवतानाच करायचं, म्हणजे किंमत द्यायची, टार्गेट निवडायचं. अर्धविरामानंतरचं सगळं रिझॉल्व्ह होताना. हे कळल्यापासून आमच्या ग्रुपमधले निम्मे वाद बंद झाले. पूर्वी किंमत कुठली आणि इफेक्ट कुठला यावरच तास जायचा.

पांढरा_मॅना

ड्युएल, हे फार कामाचं लिहिलंत. कंटिन्युअस कार्ड रिझॉल्व्ह होताना फील्डवर असावं लागतं हा नियम डोक्यात असेल तर त्या मुलाचं म्हणणं पूर्ण तर्कशुद्ध आहे. तो वाद घालत नव्हता, दुसऱ्या खेळाचा नियम इथे लावत होता. एका खेळाची समज दुसऱ्यात आणायची नाही, आणि मराठीत समजावून सांगतानाही 'व्हेन', 'इफ', 'मे', 'अनटिल' हे शब्द कार्डावर आहेत तसेच म्हणायचे, असं मी आमच्याकडे खेळायला येणाऱ्या सगळ्यांना सांगते. बाकीचं खुशाल मराठीत बोला.

सांगलीचा_भिडू

ताई, सगळ्यांचे आभार. हो, तो शाळेत असताना यू-गि-ओच खेळायचा! ड्युएलदादांचा प्रतिसाद त्याला वाचून दाखवला तेव्हा कुठे शांत झाला. ११३.७ए सुद्धा काढून दाखवला. एंजल एक्झाइलला गेली, डाव मी जिंकलो.

आता पुढचा प्रश्न. चौथा, जो झोपला होता, त्याचा निळा मर्फोक (जलमानव) डेक आहे. मीही निळा डेक मागून घेतलाय, त्यातही दोन मर्फोक आहेत, दोन्ही २/२. त्याने लॉर्ड ऑफ अटलांटिस टाकला. त्यावर लिहिलंय की इतर मर्फोक क्रीचर्सना +१/+१ आणि आयलंडवॉक मिळतं. मी म्हटलं, मग माझ्या मर्फोकनाही मिळायला हवं. तो म्हणतो, स्वतःच्या कार्डाने दुसऱ्याचा फायदा कोण करेल, अर्थातच फक्त माझ्या मर्फोकना. पुढे त्याने मास्टर ऑफ द पर्ल ट्रायडंट दाखवलं आणि म्हणाला हे बघ, हेच कार्ड नव्या रूपात, इथे स्पष्ट 'यू कंट्रोल' लिहिलंय, म्हणजे त्यातही तेच अभिप्रेत आहे.

कट्ट्यावरचा

हे मात्र मलाही आता सांगता येईल. एका कार्डावर लिहिलंय आणि दुसऱ्यावर नाही, म्हणजे दुसऱ्यावर नाही. बरोबर ना ताई?

पांढरा_मॅना

अगदी बरोबर. 'यू कंट्रोल' हे दोन शब्द जिथे आहेत तिथेच लागू. लॉर्ड ऑफ अटलांटिस अगदी पहिल्या, १९९३ च्या सेटमधला. तेव्हा टेबलावरच्या सगळ्या मर्फोकना बळ देणारा लॉर्ड अशीच कल्पना होती आणि ऑरॅकलमध्ये आजही ती तशीच ठेवली आहे. 'अदर' आहे म्हणून लॉर्ड स्वतःला काही देत नाही. पण 'यू कंट्रोल' नाही म्हणून तुझे-माझे असा भेदही करत नाही. मास्टर ऑफ द पर्ल ट्रायडंट मॅजिक २०१३ मधलं, ते निराळं कार्ड आहे. नव्या कार्डात शब्द घातले याचा अर्थ जुन्यातही ते आहेत असा होत नाही. उलट, हवे असतील तेव्हा ते लिहितात हे त्यातून कळतं.

ते मास्टर त्याने टाकलं तर तुझ्या मर्फोकना त्यातून काही मिळणार नाही, हेही लक्षात ठेव. फक्त लॉर्ड असेपर्यंत तुझे दोघे ३/३ आहेत आणि दोघांना आयलंडवॉक आहे. आयलंडवॉक म्हणजे ज्याच्यावर हल्ला होतोय त्याच्या ताब्यात आयलंड असेल तर त्याला ब्लॉक करता येत नाही. तो निळा डेक खेळतोय, म्हणजे त्याच्यासमोर आयलंड असणारच. तो लॉर्ड काढून घ्यायच्या आत दोघांनाही हल्ल्याला पाठव.